घासलेल्या विटा

"माझ्या फरशीवर चाकांची खुर्ची ठेवा आणि ब्रेक काढा," बाई दारातूनच म्हणाल्या. "खुर्चीला कुठे जायचं ते कळत नाही. अशी फरशी घासते मी."

भाऊजींनी वर्तमानपत्र खाली केलं. सकाळी सकाळी दारात येऊन कुणी स्वतःची एवढी वाखाणणी करावी हे त्यांना रुचलं नाही. त्या घरात ते काम त्यांनी स्वतःकडे राखून ठेवलं होतं.

वहिनींनी मात्र पाहुणीकडे खुर्ची सरकवली. "बसा. आणि आता त्या फरशीत काहीतरी बिघडलंय."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ती धड असती तर तुम्ही तिथे असता, इथे नाही."

वहिनी खाजगी तपासाची कामं घेत. बुटक्या, सावकाश चालणाऱ्या, आणि समोरचा काय बोलला हे शब्दन् शब्द लक्षात ठेवणाऱ्या. भाऊजी त्यांच्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. आयुष्यभर शर्ट शिवले, मग दुकान बंद केलं. आता त्यांच्याकडे एक गाडी होती आणि रिकामा वेळ होता, आणि तपासात आपला निम्मा वाटा आहे अशी त्यांची समजूत होती. ती मोडायचा वहिनींनी कधी प्रयत्न केला नाही.

पाहुणीला सगळे पाणसळबाई म्हणत. काचेच्या नळीत हवेचा बुडबुडा असलेली ती पट्टी, जमीन सपाट आहे की नाही ते दाखवणारी, त्यांच्या पिशवीतून कायम डोकावत असे. आताही डोकावत होती.

"एक जुना छापखाना आहे," त्या सांगू लागल्या. "मालकांनी तो कधीच बंद केला. त्यांची मुलगी पुस्तकांच्या बांधणीचं काम करते. तिला तिथे स्वतःचा कारखाना काढायचाय. ती चाकांच्या खुर्चीत असते, आणि खाली विटांची फरशी. कुठे उंचवटा, कुठे खळगा. कुणीतरी ढकलल्याशिवाय खुर्ची हलायची नाही. मालक म्हणाले, वर काँक्रीट ओतू. मुलगी म्हणाली, विटा राहतील. मग मला बोलावलं. दगडी फरशी घासणारे पुष्कळ आहेत, पण विटांची उंचसखल फरशी घासून सपाट करायला इथे कुणी धजत नाही. मी केली."

"आणि?"

"शनिवारी संध्याकाळी काम उरकलं. नुसता शेवटचा बारीक हात राहिला होता. मशीनच्या गोल गोल रेघा राहतात ना, त्या त्याने जातात. रविवारी सुट्टी. सोमवारी सकाळी मालकांचा निरोप आला की खिडकीजवळचा कोपरा पुन्हा उंचसखल झालाय, तुम्ही येऊ नका, मशीन आत आहे ते आतच राहील. मी दाराशी गेले तर आतही घेतलं नाही. माझी फरशी, आणि मलाच बघायला बंदी."

एवढा वेळ ताठ असलेला बाईंचा आवाज इथे थोडा ओला झाला. "गल्लीभर सांगत सुटलेत ते. पुढची दोन कामं ठरली होती, दोघांनीही जरा थांबा म्हटलंय. बाई, मी पंधरा माणसांत उभी राहून सांगते की माझ्यासारखी फरशी कुणी घासत नाही. ते सांगायची सोय राहिली नाही तर मी करू काय? मला माझं नाव परत हवंय."

"त्या कोपऱ्यात आधी काही त्रास झाला होता?"

"सगळ्यात जास्त घाम तिथेच गाळला. बाकी फरशी झिजलेली होती, तो कोपरा खचलेला होता. विटा कललेल्या, एकीची ही कड वर, दुसरीची ती. ज्या विटेची जी कड वर आली होती तेवढीच घासून खाली आणली. शनिवारी सगळ्यांसमोर बोललेसुद्धा, की ज्याने ही फरशी घातली त्याचे हात बांधून ठेवायला पाहिजेत."

"सगळे म्हणजे कोण?"

"मालक, मुलगी, समोरचा काँक्रीटवाला, आणि उंबऱ्यापाशी खुर्चीसाठी उतार करायला एक म्हातारे गवंडी त्याच वेळी आले होते ते. मशीन बंद करून मी पुसतच होते. मालक हसले. म्हणाले, मी तर वर्षानुवर्षं हेच सांगतोय."

"तुम्ही स्वतः विटा बसवता?"

"मी? आयुष्यात एक वीट बसवलेली नाही. बसवणारा वेगळा, घासणारा वेगळा."

वहिनी उठल्या. "भाऊजी, गाडी काढा."

छापखान्याच्या दाराशी उताराचं काम चाललं होतं. शेजारी फिकट वाळूचा ढीग होता आणि एक म्हातारा, स्वच्छ शर्टाच्या बाह्या दुमडून, थापीने कड साधत होता. दारातच मालक उभे होते. उंच, भरघोस मिशा, आणि सगळ्या जगाने आपल्याला विचारूनच चालावं अशी मुद्रा.

"त्या बाईंनी वकील आणलाय का?" ते म्हणाले.

"वकील नाही. नुसती बघणारी," वहिनी म्हणाल्या.

"बघण्यासारखं काही नाही."

"बाबा, त्यांना आत येऊ द्या," आतून आवाज आला. "नसेल बघण्यासारखं तर लगेच परत जातील."

मालकांच्या घरात शेवटचा शब्द कुणाचा असतो ते भाऊजींना तिथेच समजलं. पाणसळबाईंना मात्र गल्लीतच थांबावं लागलं. त्या समोरच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, पिशवी छातीशी धरून.

आत पाऊल टाकताच भाऊजी थबकले. लांबरुंद दालनभर लालभडक फरशी पसरली होती. माशाच्या काट्यासारखी तिरकी जुळवलेली वीट न् वीट, आणि त्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मशीनच्या गोलाकार पुसट रेघा. बाईंचा तोरा खोटा नव्हता. असं काम केल्यावर माणसाने तोरा मिरवावाच.

मुलगी मधोमध खुर्चीत बसली होती. तिने ब्रेक काढला, हात वर धरले. खुर्ची जागची हलली नाही. मग ती चाकं फिरवत खिडकीजवळच्या कोपऱ्यात गेली आणि पुन्हा हात सोडले. खुर्ची एक हिसका देऊन भिंतीकडे घरंगळली.

"शनिवारी संध्याकाळी मी इथेच, याच जागी, ब्रेक काढून बसले होते," ती म्हणाली. "ताईंनी मशीन बंद केल्यावर. तेव्हा ही हलली नव्हती."

"संधिप्रकाश होता. तुला वाटलं असेल," मालक म्हणाले.

"बाबा, चाकांचं मला कळतं."

"मुळातच कच्ची घातलेली फरशी आहे ती. वरून मशीन फिरवलं, आणखी खचली. यात शोधायचं काय?"

वहिनींनी पिशवीतला टॉर्च काढून भाऊजींच्या हातात दिला. त्या हळूहळू खाली बसल्या आणि दालनाच्या मध्यातून विटांच्या सांध्यावरून बोट फिरवत कोपऱ्याकडे सरकल्या. मध्यावर सांधे लाल होते. घासताना पाण्याबरोबर विटेचा जो चिखल झाला होता तो सांध्यांत शिरून कडक वाळला होता. कोपऱ्यात पोचल्यावर बोटाला फिकट कण लागले. ते त्यांनी रुमालात टिपून घेतले.

"भाऊजी, जरा टॉर्च जमिनीला लावून धरा. आडवा."

प्रकाश फरशीवर आडवा पसरला. भाऊजींनी मान तिरकी करून पाहिलं. "जुळणी काय झकास आहे हो. एक सांधा इकडचा तिकडे नाही. पण इथे कोपऱ्यात रेघांचं काहीतरी बिनसलंय. चट्ट्यापट्ट्याच्या शर्टाला कुणी रेघा न जुळवताच खिसा लावावा, तसं दिसतंय."

वहिनी त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. "भाऊजी, आज तुम्ही फार मोलाचं बोललात."

"कोणतं?" भाऊजींनी विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

भिंतीच्या तळाशी, अगदी त्याच कोपऱ्यात, टोपण बसवलेलं नळाचं तोंड होतं. वहिनींनी त्यावर टिचकी मारली. "हा नळ?"

"जुना आहे." मालकांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "शाई लागलेले हात धुवायला बेसिन होतं इथे. मग काढलं."

"फरशीच्या आधीचा की नंतरचा?"

"आता कुणाच्या लक्षात आहे," मालक म्हणाले, आणि खिडकी नीट लागली आहे की नाही ते बघायला लागले. ती नीट लागलेली होती.

रविवारचं मुलीनेच सांगितलं. दोघं सकाळीच आत्याकडे गेली होती, चहाच्या वेळेला परतली. किल्ली बाहेर मीटरच्या पेटीत असते, काम सुरू झाल्यापासून सगळ्यांना ठाऊक आहे. परत आल्यावर ती एकदा आत डोकावली, तर कोपऱ्यात वाळू सांडलेली दिसली. दाराजवळच्या ढिगातली वाऱ्याने आली असेल म्हणून तिने झाडून घेतली. कोपऱ्याचं लक्षात आलं ते सोमवारी, चाक अडकलं तेव्हा.

काँक्रीटवाल्याचं दुकान गल्लीत समोरच होतं. तो गडी मनमोकळा होता आणि आनंद लपवायची तसदी घेत नव्हता.

"मी आधीच म्हणालो होतो, विटा घासून काय होणार? रोज त्या उंबऱ्यावर उभा राहून बघत होतो. नुसता लाल राडा. सांध्यासांध्यात जाऊन बसलेला. मी एका दिवसात ओतून मोकळा झालो असतो."

"अजूनही होऊ शकता," भाऊजी अर्थपूर्ण आवाजात म्हणाले.

"होणारच. मालकांनी विचारलंय."

"रविवारी कुठे होता?" वहिनींनी विचारलं.

"इथेच, मिक्सर उघडून बसलो होतो. बिघडलाय. तुम्हाला वाटतंय मी तो कोपरा बिघडवला? बाई, मला बिघडवायचं असतं तर घण घातला असता."

"समजा, विटा उचलायच्या आणि परत तशाच बसवायच्या, तर?"

तो मोठ्याने हसला. "माशाच्या काट्यात? मला? बघा ना, माझ्या दुकानासमोरच्या चार विटा मी बसवल्यात." त्या चार विटा चार दिशांना तोंड करून बसल्या होत्या. "मी ओतणारा माणूस. ओतण्यात माझा हात धरणारा दाखवा, धंदा बंद करतो."

बाहेर पडताच भाऊजी कुजबुजले, "हाच. फायदा त्याचाच आहे. आणि त्या चार विटा मुद्दाम वाकड्या बसवल्यात."

"आपण येणार म्हणून? शेवाळ आलंय त्यांच्यावर, भाऊजी."

गवंडी उतारावर पाणी शिंपडत होते. उतार असा साधला होता की भाऊजींनी नकळत त्यावर हात फिरवला.

"हात लावू नका, ओला आहे," गवंडी म्हणाले. पण रागावले होते असंही नाही. "चांगला झालाय ना?"

"सुरेख झालाय," वहिनी म्हणाल्या. "गवंडीकाका, त्या बाईंनी घासलेली फरशी कशी वाटली?"

"घासली, चकचकीत केली, असेल. घासणं म्हणजे भांडं घासणं. भांडं मुळात कुणीतरी घडवावं लागतं." त्यांनी टेप उघडली, हात लांब करून पुढे धरली, डोळे बारीक केले, तरी जमेना तेव्हा वीतभर अंतर बोटांनीच मोजलं.

"चष्मा नाही लावत?"

"माझ्या हातांना दिसतं."

"आत त्या कोपऱ्यातल्या विटा जर कुणाला काढून परत लावायच्या असल्या, तर अवघड जाईल का?"

"शिकाऊ माणसाला जाईल. मला काय अवघड? खालची वाळू पाण्यासारखी सपाट केली की झालं. वर बघावंही लागत नाही. सगळ्या एका साच्यातल्या विटा आहेत त्या. प्रत्येकीच्या पोटावर पानाचा ठसा. कुठलीही उचला, कुठेही बसवा."

"रविवारी आला होता का इकडे?"

"रविवारी कोण काम करतं?" गवंडी म्हणाले आणि पाण्याचा डबा उचलून आत भरायला गेले.

वहिनी दारातून आत वाकल्या. "पोरी, या विटांच्या पोटावर काही ठसा वगैरे आहे का गं?"

"मला काय माहीत?" मुलगी म्हणाली. "मी जन्मापासून ही फरशी बघतेय, यातली एकही वीट कधी निघालेली नाही. खालून कोण बघणार?"

दुपार कलताना वहिनींनी सगळ्यांना आत बोलावलं. मालकांनी पाणसळबाईंना दारातच अडवलं, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "त्या बाहेर राहिल्या तर मीही बाहेरूनच बोलेन. गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात." मालक बाजूला झाले.

पाणसळबाई उंबरा ओलांडून आल्या आणि सरळ कोपऱ्याकडे निघाल्या. खिडकीतून ऊन तिरकं येत होतं. त्यांनी एकदाच खाली पाहिलं.

"हे माझं नाही," त्या म्हणाल्या.

"थांबा. तुम्ही सांगितलंत तर ते म्हणतील स्वतःच्या कामाची बाजू घेताय. मी सांगते." वहिनी खिडकीच्या कट्ट्यावर टेकल्या. "मालक, तुमचं म्हणणं, फरशी मशीनने खचली. खचलेल्या फरशीत सांध्यांमधला लाल चिखल तडकेल, पण नाहीसा होणार नाही. सगळ्या दालनात तो आहे. फक्त या कोपऱ्यात तो नाही, कोरी वाळू आहे. म्हणजे घासून झाल्यावर, चिखल वाळल्यावर, कुणीतरी इथल्या विटा काढल्या आणि परत लावल्या."

"कुणीतरी म्हणजे याने," भाऊजींनी काँक्रीटवाल्याकडे बोट केलं.

"ते रोज उंबऱ्यावर उभे राहून घासकाम बघत होते. सांध्यांत लाल चिखल बसतो हे त्यांना पाठ होतं. वर पांढरी वाळू भरून ते स्वतःला उघडे पाडणार नाहीत. शिवाय तुम्हीच म्हणालात, एक सांधा इकडचा तिकडे नाही. त्यांच्या दारातल्या चार विटा आपण पाहिल्या. पाणसळबाईंनी तर वीट कधी बसवलीच नाही, आणि स्वतःचं काम स्वतःच कोण बिघडवेल? मालकांनी बसवून पाहिली होती एकदा, त्याकडे मी येते. म्हणजे उरतो असा माणूस, ज्याचा हात विटा बसवण्यात बसलेला आहे, पण ज्याने हे घासकाम होताना पाहिलेलंच नाही. मशीन बंद झाल्यावर शनिवारी जो पहिल्यांदा आला."

कुणी मान वळवली नाही, पण सगळ्यांचे डोळे गवंड्यांकडे गेले.

"मी वाकडी वीट बसवत नाही," गवंडी शांतपणे म्हणाले. "हा कोपरा वाकडा आहे. मग तो माझा कसा?"

"तेच तर कोडं होतं. जुळणी उस्तादाची आणि वरचा भाग नवशिक्याचा, एकाच जागी." वहिनींनी हात पुढे केला. "तुमची थापी द्या. नाही, तुम्हीच काढा. या दोन विटा."

गवंड्यांनी थापीचं टोक सांध्यात घातलं आणि दोन विटा अलगद वर काढल्या. वहिनींनी त्या आडव्या कडेवर शेजारी शेजारी उभ्या केल्या. दोन्हींच्या पोटावर पानाचा ठसा होता. आणि दोन्ही विटा दोन तऱ्हेच्या होत्या. एक डावीकडे नखभर निमुळती, दुसरी उजवीकडे.

"साच्यातून निघताना या सारख्या होत्या," वहिनी म्हणाल्या. "पण इथे त्या कललेल्या होत्या, आणि बाईंनी कललेल्या असतानाच घासल्या. जी कड वर ती पातळ झाली. आता या फरशीत एक वीट दुसरीसारखी नाही. प्रत्येकीची एकच जागा, एकच दिशा, आणि खालचा उतारसुद्धा ठरलेला. काका, तुम्ही काय केलंत? खालची वाळू पाण्यासारखी सपाट केलीत आणि कुठलीही वीट कुठेही बसवलीत. जेवढं काम चोख केलंत, तेवढा कोपरा बिघडला. नवशिक्याने वाळू तशीच ठेवली असती तर कदाचित कमी बिघडला असता."

"पण त्यांनीच कशावरून?" मालकांनी विचारलं.

"विटांच्या पोटावर पान आहे हे त्यांनी मला आपणहून सांगितलं. तुमच्या मुलीला ते जन्मात माहीत नव्हतं. तुम्ही सोडलात तर पान दोनच जणांना माहीत असणार. ज्याने रविवारी विटा उचलल्या त्याला, आणि ज्याने ही फरशी घातली त्याला. मला वाटतं, हे दोघं एकच आहेत."

मालक वळले. त्यांनी गवंड्यांकडे निरखून पाहिलं, पांढऱ्या केसांखालचा चेहरा शोधत. मग त्यांची मान खाली गेली.

गवंडी हातातली वीट उलटसुलट करत होते. अंगठा पातळ कडेवरून पुन्हा पुन्हा फिरत होता. "हाताला लागायला हवं होतं हे," ते म्हणाले. "घाईत होतो. तुम्ही परत यायच्या आत आवरायचं होतं. बैठक पाणसळीने तपासली, बुडबुडा मधोमध. वर विटा एका साच्यातल्या, मग वर काय बघायचं? देवाशपथ सांगतो, सोमवारी कळलं तेव्हा मला वाटलं हिचंच घासणं कच्चं."

"पण उचलल्यात कशाला?" पाणसळबाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग होता, पण पूर्वीइतका नव्हता.

"तुम्ही म्हणालात, हात बांधून ठेवायला पाहिजेत." गवंड्यांनी वीट खाली ठेवली. "तरुण असताना ही फरशी मी घातली. माझं पहिलं मोठं काम. मग हा कोपरा खचला, आणि गावभर झालं की याच्या हातची फरशी खचते. मला फरशीच्या कामाला कुणी बोलावेना. भिंती बांधल्या, पायऱ्या केल्या, आयुष्य गेलं, पण फरशी पुन्हा कुणी दिली नाही. मला ठाऊक होतं मी कच्चं केलं नाही. तरी रात्री डोळा लागताना मनात यायचं, त्या कोपऱ्यात मी वाळू ठोकली होती ना? शनिवारी पुन्हा तेच कानावर आलं. म्हटलं, आता मरायच्या आधी एकदा बघतोच."

"काय दिसलं?" मुलीने विचारलं.

"नळ," वहिनीच म्हणाल्या. "हो ना काका? भिंतीतून निघून विटांखालून गेलेला. चर खणून टाकलेला, आणि वर माती नुसती लोटलेली."

"फरशी घातली तेव्हा नळ नव्हता," गवंडी म्हणाले. एवढं एकच वाक्य त्यांनी मालकांकडे बघून म्हटलं.

मुलीने खुर्ची वडिलांसमोर आणली. "बाबा?"

मालकांनी मिशीवरून हात फिरवला. "मला वाटलं, त्यात काय एवढं? चार विटा काढायच्या, नळ टाकायचा, विटा लावायच्या. मीच केलं. पावसाळ्यानंतर कोपरा खचला. लोक विचारायला लागले. मी म्हटलं, गवंडी कच्चा होता. एकदा म्हटलं आणि मग तेच म्हणत गेलो. पुढे पुढे मलाही ते खरंच वाटायला लागलं."

"आणि सोमवारी ताईंबद्दल तेच म्हणालात," मुलगी म्हणाली. "याच कोपऱ्यावरून."

मालकांनी मुलीच्या खुर्चीला वळसा घातला. मग ते दारातून बाहेर पडून गल्लीच्या मधोमध गेले. पुढचं सगळ्यांना आत ऐकू आलं, कारण ज्या आवाजात त्यांनी सोमवारी सांगितलं होतं त्याच आवाजात आता सांगितलं, की फरशी घालणाऱ्याचीही चूक नव्हती आणि घासणाऱ्याचीही नव्हती, चूक त्यांची स्वतःची होती. काँक्रीटवाला दारापर्यंत जाऊन ऐकून आला. "मिक्सर दुरुस्त करायची घाई नाही तर मला," तो म्हणाला.

पाणसळबाई गवंड्यांपाशी गेल्या. "मी बोलले ते परत घेते. मला काय माहीत, ऐकणारा तिथेच उभा आहे."

"मीही तुम्हाला भांडी घासणारी म्हणालो," गवंडी म्हणाले. "तुम्ही ऐकलं नाहीत, पण म्हणालो."

"आता विटा मूळ जागी जायच्या कशा?" काँक्रीटवाल्याने विचारलं. "कुठली कुठे होती ते कुणाला माहीत?"

वहिनी हसल्या. "भाऊजींना."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून भाऊजी गुडघ्यांवर होते. मशीनच्या गोल रेघा एका विटेवरून दुसरीवर कशा जातात ते बघत त्यांनी कोपऱ्यातली एकेक वीट लावून दिली, खिशाच्या रेघा शर्टाच्या रेघांशी जुळवाव्या तशी. एखादी पटकन जुळली की "बघितलं?" म्हणून सगळ्यांना थांबवत. सगळेही थांबून बघत. गवंड्यांनी नळ काढून टाकला, चर ठोकून ठोकून भरला, आणि वरून दोरी ताणून प्रत्येक वीट तिच्या तिच्या उताराने बसवली. या खेपेला पाणसळ त्यांनी खाली लावली नाही, वर लावली, आणि चष्मा लावून बघितली. चष्मा मालकांचा होता. शेवटी पाणसळबाईंनी मशीनवरचं कापड काढलं आणि सगळ्या दालनावर बारीक हात फिरवला. गवंडी कोपऱ्यात उभे राहून तो शेवटपर्यंत बघत होते, एकदाही बसले नाहीत.

लाल पाणी पुसून झालं. फरशी वाळली. कुठे रेघ नव्हती, आणि कुठला कोपरा कुणी बसवला, कुणी घासला, ते आता कुणालाही सांगता आलं नसतं.

मुलगी एकटीच दारातून आत आली, उतारावरून, कुणी न ढकलता. दालन ओलांडून ती खिडकीजवळच्या कोपऱ्यात गेली. तिने ब्रेक काढला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

पाणसळबाई आणि गवंडी शेजारी शेजारी उभे होते. दोघांचीही नजर चाकांवर होती. चाकं हलली नाहीत.

बऱ्याच वेळाने गवंडी म्हणाले, "कुठे जायचं ते कळत नाहीये तिला."

"सांगितलं होतं मी," पाणसळबाई म्हणाल्या, आणि पुढे त्यांनी जोडलं, "खालची बैठक कुणाची आहे, तेही सांगत जाईन आता."